दहा चाळीसची परात

आमच्या घरातल्या पितळी परातीनं माझ्यापेक्षा जास्त विमानं पाहिली आहेत. (मी वैमानिक आहे, हे इथंच सांगून टाकते. पुढं कदाचित कोणाला पटणार नाही.)

परात आईच्या रुखवतातली. अकोल्याच्या घरात तिचं काम कणीक भिजवणं एवढंच होतं. पण मी मुंबई-नागपूर विमानावर सहवैमानिक म्हणून लागले आणि तिची बदली थेट गच्चीवर झाली! बाबा बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी नकाशावर मुंबईपासून नागपूरपर्यंत पट्टी ठेवली, पेन्सिलीनं रेघ ओढली आणि ती अकोल्याच्या डोक्यावरून गेलेली पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो नकाशा समोरच्या देशमुखकाकांना दाखवायला नेला. देशमुखकाका आंघोळीला गेले होते. (ते तासभर आंघोळ करतात. गल्लीतली सगळी कामं त्यांच्यासाठी खोळंबतात.) बाबा तासभर नकाशा धरून उभे राहिले.

मग मला फोन.

"बेबी, किती वाजता जाते तुहं इमान आपल्या घरावरून?"

"दहा चाळीसले, बाबा. पण लय उंचावरून. खालचं माणूस काही दिसत नाही."

"माणूस नाही दिसत, पण चमक त दिसन ना? मी गच्चीवर परात चमकवतो. तू पाहाय."

"अन् मी कनीक काह्यात भिजवू? डोक्श्यात?" मागून आई ओरडली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी चिंच लावून परात लख्ख घासली (लग्नानंतर प्रथमच त्यांनी एखादं भांडं घासलं, असं आईचं म्हणणं) आणि दहा वाजल्यापासून उन्हात जाऊन बसले. मी खरोखर अकोल्यावरून गेले. खाली ढग होते, कॅप्टनसाहेब काहीतरी विचारत होते, मी आकडे बघत होते. अकोला कधी आलं आणि कधी गेलं, कळलंसुद्धा नाही. नागपूरला उतरून फोन सुरू केला, तर तो वाजतच होता.

"दिसली काय?"

आता या प्रश्नाला 'नाही' म्हणायला काळीज दगडाचं लागतं. "दिसली बाबा! मस्त चमकली!"

इथून सगळं बिघडलं.

मी सहा वर्षांची असताना बाबांनीच मला त्या गच्चीवर उभं करून आकाशातली पांढरी रेघ दाखवली होती. "ह्या रेघीच्या पुढच्या टोकाले कोणीतरी बसलं हाये, बेबी," असं ते म्हणाले होते. बस्स. त्या दिवसापासून मला त्या टोकाला बसायचं होतं. आजही चाकं जमीन सोडतात तेव्हा मला आतून हसू फुटतं आणि गंभीर चेहरा ठेवायला फार मेहनत पडते. सुटकेसमध्ये घर, रोज वेगळं हॉटेल, सकाळी पडदा सरकवून आपण कोणत्या गावात आहोत ते आधी बघायचं, हे सगळं मला मनापासून आवडतं. लोक विचारतात, कंटाळा नाही येत? मला घरी चौथ्या दिवशी येतो.

तर सहा महिन्यांनी माझं वेळापत्रक बदललं. कोइमतूर, कोची, भुवनेश्वर. अकोल्याशी संबंध संपला. बाबांना सांगणार होते. रोज सांगणार होते! पण रोज फोन यायचा, "दिसली काय?" आणि मी कोचीच्या हॉटेलात इडली खात म्हणायची, "दिसली बाबा!" एकदा तर मी "आज जरा उजवीकडे धरली होती ना?" असंही विचारलं. (खोटं बोलताना माणसानं इतका उत्साह दाखवू नये.) बाबा म्हणाले, "हो, उजवीकडंच होती."

अशी दोन वर्षं गेली. आईनं नवी स्टीलची परात आणली आणि जुनीची आशा सोडली.

मग माझा वाढदिवस आला. तो येतो एप्रिलात, म्हणजे गच्च्यांवर कुरडया-पापडांचं वाळवण पडतं त्या दिवसांत. बाबांनी गल्लीत फिरून सांगितलं, "उद्या बेबीचा वाढदिवस हाये. दहा चाळीसले तिचं इमान जाते. आपापली परात घेऊन गच्चीवर या!" आणि गल्ली तयार झाली! अकरा गच्च्या, अकरा पराती.

मी त्या दिवशी सुटीवर होते. अमरावतीला. अकोल्यापासून शंभर किलोमीटरवर, मैत्रिणीच्या घरी, गाऊनमध्ये, समोर दह्यातल्या गिल्या वड्याची प्लेट. घरी कळवलं नव्हतं. घरी गेले असते तर आईनं स्थळांचे फोटो काढले असते आणि बाबांनी नकाशा, आणि मला दोन दिवस नुसतं लोळायचं होतं. अकरा परातींचा बेत मला कोणी सांगितला नव्हता, ते सरप्राइज होतं.

दहा चाळीसला अकोल्यावरून कोणाचं तरी विमान गेलं. अकरा पराती चमकल्या. बाबा दोन्ही हात वर करून, मान मागं टाकून, विमान डोक्यावरून सरकेल तसे एकेक पाऊल मागं सरकत गेले आणि थेट आईच्या ओल्या कुरडयांवर चढले. पाय सटकला, बाबा आडवे झाले. परात मात्र उभी राहिली! ती गच्चीवरून जिन्यात आणि जिन्यातून गल्लीत वाजत गाजत गेली आणि देशमुखकाकांच्या फाटकावर आदळली. काका अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आले. बाकीच्या दहा गच्च्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आईनं घाबरून पहिला फोन मलाच लावला. मीही पहिल्याच रिंगला उचलला.

"बेबी, तुहे बाबा गच्चीवर पडले वं! उठता येऊन नाही राह्यलं त्यायले!"

"काय? कसे पडले? डोक्शाले लागलं काय?"

"नाही वं, कंबरेत..." आणि आई एकदम थांबली. "बेबी. तू त आता इमानात हाये ना? फोन कसा काय उचलला?"

हातातला गिला वडा मी परत प्लेटमध्ये ठेवला.

मागून साबणातल्या देशमुखकाकांचा आवाज आला, "वहिनी, तिले म्हणा फोन ठेव! पह्यले इमान सांभाळ म्हणा!"

विमानानं हे अंतर काही मिनिटांचं आहे. एसटीनं मी अडीच तासांनी पोचले. बडनेरा आलं, मूर्तिजापूर आलं, आणि मी दांडीला लोंबकळत रडत होते. दवाखान्यात बाबांच्या खाटेभोवती अख्खी गल्ली जमलेली. देशमुखकाकांनी (आता कपड्यांत) विचारलं, "एवढ्या लवकर कशी काय आली तू?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले. "नागपूरले इमान उतरवलं अन् टॅक्सीनं आली. फोन कंपनीनं उचलू देला, घरचं अर्जंट होतं म्हणून." बत्तीस वर्षं मुलांच्या थापा पकडणारा माणूस माझ्यासाठी तोंड वर करून थाप मारत होता, आणि खुब्याचं हाड मोडलेलं होतं.

लोक गेल्यावर मी त्यांचा हात धरला. "बाबा, मी..."

"माईत हाये मले."

"कधीपासून?"

"तू सांगे दहा चाळीस, अन् कधी इमान उत्तरेतून दक्षिणेले जाय, कधी जायेच ना. भूगोल शिकवला मी, बेबी."

"मंग उन्हात चढत कावून होते रोज?"

बाबा छताकडे बघत होते. "एखाद्या दिवशी तू खरंच आली, अन् मी खाली असलो, त?"

त्यानंतर बाबा गच्चीवर गेलेच नाहीत. जिना चढणं बंद झालं, मग अंगणात येणं बंद झालं, आणि दिवाळीच्या आधी ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं होतं, पडण्याशी त्याचा संबंध नाही. डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांचं बरोबर असेल. मला ते आजतागायत पटलेलं नाही. एक फोन करून "बाबा, माझा रस्ता बदलला" एवढं सांगायचं होतं. तेवढं मला दोन वर्षांत जमलं नाही.

मग अमरावतीला विमान सुरू झालं. मुंबईहून जाणारं, लहान, पंख्याचं. मी मोठं विमान सोडून ते लहान चालवायला मिळावं म्हणून अर्ज केला. लोक लहानातून मोठ्यात जातात, मी उलटी निघाले, म्हणून वरिष्ठांनी विचारलं, "घरी काही अडचण आहे का?" मी म्हणाले, आहे. पुन्हा शिकले, पुन्हा परीक्षा दिल्या. कारण ते विमान अमरावतीला उतरण्याआधी खाली येऊ लागतं ते अकोल्याच्या आसपास. तिथून गाव दिसतं. खरंच दिसतं.

पहिल्या दिवशी आईला आधी सांगितलं होतं. "चारच्या सुमाराले जाईन. पण तू वर नको चढू, गुडघे सांभाळ."

"पाह्यतो," एवढंच आई म्हणाली.

आकाश स्वच्छ होतं. काळी शेतं, रेल्वेचे रूळ, मोर्णा नदीचं वळण, मग आमचा भाग. आणि चमकलं! लख्ख, एकदा, दोनदा. माझे डोळे भरून आले. मी हात उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा अकोल्याला मनापासून नमस्कार केला. शेजारचे कॅप्टन म्हणाले, "ओळखीचं कोणी?"

"आमची परात," मी म्हणाले. त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि विमान स्वतःच उतरवलं.

अमरावतीला उतरल्या उतरल्या फोन लावला. "आई! दिसली! देवाशपथ, यावेळी खरंच दिसली!"

तिकडून परात खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बेबी," आई हळूच म्हणाली, "मी वर गेलीच नाही वं. अर्ध्या जिन्यातून माघारी फिरली. गुडघे नाही चालले. परात मांडीवर घेऊन पायरीवरच बसली होती."

"मंग चमकलं काय?"

"चमकलं?" आईनं विचार केला. "देशमुख भावजींनं मागच्या महिन्यात गच्चीवर पाणी तापवायचं सोलर बसवलं. तेच असन."

म्हणजे ज्या दिवशी मी खरंच आले, त्या दिवशी भरल्या डोळ्यांनी, पूर्ण गणवेशात, मी देशमुखकाकांच्या आंघोळीच्या पाण्याला नमस्कार करून आले होते.