चूळभर माडी

दत्ताराम मयेकर जातीचा भंडारी. आजा मालवणात माडावर चढून माडी काढायचा. आणि ह्या गृहस्थाने पंचेचाळिशी गाठेपर्यंत माडीचा थेंब चाखला नव्हता. कोळ्याच्या घरी मासे न खाणारं पोर निपजावं तसलाच प्रकार. बरं, न चाखता गप्प घरी बसला असता तर कोणाचं काही अडलं नव्हतं. पण नशिबाने त्याला नेऊन बसवला तो थेट माडीच्या दुकानात, गल्ल्यावर.

त्याआधी तो परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. शंभर साचे एकदम धडधडत असताना कुठल्या साच्यावरचा धागा आता तुटणार हे तो कानाने सांगायचा, आणि कापड बोटांत चोळून सूत किती नंबरचं ते बोलायचा. ब्याऐंशीचा संप आला, गिरणी बंद पडली ती पडलीच. परळची खोली सोडून मयेकर बोरिवलीच्या चाळीत आले. बायको मालन डबे करून द्यायला लागली आणि दत्ताराम बेकार झाला. शेजारी विचारतात म्हणून तो रोज सकाळी कपडे करून, डबा घेऊन बाहेर पडायचा, वझिऱ्याच्या गणपतीच्या देवळात बसायचा, तिथेच डबा खायचा आणि संध्याकाळी दमल्यासारखा चेहरा करून परत यायचा. मालनला सगळं ठाऊक होतं. ती फक्त डब्यात एक चपाती जास्त घालायची. बसून राहणाऱ्यालाच भूक जास्त लागते.

असं दोन वर्षं चाललं. शेवटी मालनने आपल्या भावाला गाठलं. बळवंत पेडणेकर, बोरिवलीहून गोराईच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं माडी-ताडीचं परवान्याचं दुकान. माणूस धंद्याला पक्का. हसला तरी दातांपलीकडचं दिसू द्यायचा नाही. त्याने मेव्हण्याला गल्ल्यावर बसवला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. माडी कधी पुळकवणी, कधी नुसती आंबट. रिटायर्ड बस कंडक्टर दशरथ तर रोजचा, त्याचं बाकडंसुद्धा ठरलेलं. तो गिलास परत आणून आपटायचा आणि म्हणायचा, "मयेकर, चाखून बघ ना यार, ही माडी आहे का भांडी धुतलेलं पाणी?"

मयेकर काय चाखणार? तो गिलासाकडे बघायचा, गिलास त्याच्याकडे बघायचा.

एका दुपारी बळवंतने त्याला बाजूला घेतलं. "भावोजी, तुमी माडी इकतास आणि तुमका माडी कळणा नाय? तीन जण हय माल घालतत. कोण पाणी मिसळता ता कोणीतरी ओळखूक व्हया. होळीपर्यंत तोंडात घेतल्याबरोबर कोणाची माडी ती सांगूक शिका. नायतर बसा घराक. गल्ल्यार माका बुजगावणा नको."

"अवो, पण आयेक शब्द दिलेलो आसा," दत्ताराम म्हणाला.

शब्द खरा होता. दत्तारामच्या बापाने दारूपायी गिरणीतली नोकरी घालवली होती आणि आईने घरोघरी भांडी घासून चार पोरं वाढवली होती. दत्ताराम कामाला लागला त्या दिवशी तिने त्याचा हात नारळावर ठेवून वदवून घेतलं होतं की मी दारू पिणार नाही. आई जाऊन बारा वर्षं झाली, पण कोकणातल्या आया मेल्या म्हणून लक्ष ठेवायचं सोडतात असा कोणाचाही अनुभव नाही.

बळवंतने यावर तोड काढली. देवालाच विचारू. गावचा रवळनाथ गावी राहिला, पण गाऱ्हाणं घालायला तिकीट कशाला लागतं? दुकानातल्या तसबिरीपुढे नारळ ठेवला, जमलेली गिऱ्हाइकं आपापले गिलास बाकड्याखाली सारून भक्तिभावाने उभी राहिली आणि बळवंतने सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गिऱ्हाइकं.

"ह्या तुझ्या लेकरान आवशीक शब्द दिलो, दारू पिवचंय नाय म्हणान!"

"व्हय म्हाराजा!"

"तर तो पिवचो नाय. निस्ती चूळ भरतलो, चव घेतलो आणि थुकान टाकतलो. ह्येका तुझी परवानगी आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दशरथचा आवाज सगळ्यात वर.

बळवंतला भरून आलं. "आणि हय येणाऱ्या सगळ्यांक दोन गिलासांवर थांबान घराक जावची बुद्धी दी रे म्हाराजा!"

कोणीही तोंड उघडलं नाही. देवालासुद्धा त्या शांततेचा अर्थ कळला असावा.

अशी दत्तारामची शिकवणी सुरू झाली. सकाळी माल आला की तो मागच्या दारी जायचा, घोटभर माडी तोंडात घ्यायचा, डोळे मिटून इकडून तिकडे फिरवायचा आणि पचकन् टाकून द्यायचा. हे दृश्य बघून दशरथ बाकड्यावरून उठून यायचा. "अरे, लक्ष्मी थुंकतोयस!" तो ओरडायचा. मागे शेजारणीच्या कोंबड्या होत्या, त्यांनी मात्र ही लक्ष्मी वाया जाऊ दिली नाही. आठवड्याभरात त्या कोंबड्या तिरक्या चालायला लागल्या आणि कोंबडा भर दुपारी आरवायला लागला. शेजारीण भांडायला आली, तेव्हा बळवंतने तिला सांगितलं की हवा बदललीय.

पहिल्यांदा दत्तारामला सगळं एकच लागायचं. आंबूस, गोडूस आणि पाप. हळूहळू पाप कमी झालं आणि चवी वेगळ्या व्हायला लागल्या. लहू भंडारी गोराईचा, त्याचे माड खाडीच्या अगदी काठाला. त्याच्या माडीत गोडव्याच्या आत कुठेतरी मिठाची कणी. मनोरीचा कुंडलिक आळशी, मडकी घासायचा कंटाळा, त्यामुळे कालचा साका आजच्या माडीत उतरायचा आणि जिभेला मुंग्या यायच्या. मढची शकु ताडी आणायची, माडी नव्हे. तिला पिकल्या ताडगोळ्याचा घट्ट वास. मग सकाळची वेगळी, दुपारची वेगळी, तरण्या माडाची वेगळी, म्हाताऱ्याची वेगळी. गंमत म्हणजे ह्या चवींना काय म्हणावं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने आपली गिरणीची भाषा लावली. "ही साठ नंबर, एकदम तलम." "ही वीस नंबर, जाडं पालाचं कापड." "हिला कांजी जास्त झाली." गिऱ्हाइकांना ते इतकं आवडलं की दारातूनच आवाज यायचा, "दत्ताभाऊ, आज साठ नंबर आहे काय?" आणि बऱ्याच दिवसांनी दत्तारामची मान ताठ व्हायला लागली. डबा घेऊन बाहेर पडताना तो आता शेजाऱ्यांना आपण होऊन हाक मारायचा.

राहता राहिली मालन. सुरुवातीला तो घरी जाण्याआधी बडीशेप चावायचा, मग ओवा, मग कच्चा कांदा. कांद्याने घात केला. नवरा दारात कांदा खाऊन उभा राहिला की बाईला काय समजायचं ते समजतं.

"तोंड उघडा," मालन म्हणाली. त्याने उघडलं. "ही माडीच. मी भंडाऱ्याचा चेडू आसंय, माका फसवू नकात."

त्याने सगळं सांगितलं. चूळ, रवळनाथ, गाऱ्हाणं, व्हय म्हाराजा.

"देवाक इचारलास," मालन म्हणाली, "आणि माका?"

मालनने त्याला तिथेच उंबऱ्यावर उभा ठेवला आणि निकाल दिला. "जिभेपर्यंत माझी हरकत नाय. गळ्याखाली थेंब गेलो, तर त्या दिवसापासून तुमचा जेवाण लहू भंडाऱ्याच्या माडाखाली." मग तिने ताट वाढलं. त्यात कांदा नव्हता.

होळी जवळ आली. दत्ताराम तिघांचाही माल डोळे मिटून ओळखायला लागला होता, आणि तरी पाणचट माडीची तक्रार काही थांबेना. ज्या माडीला त्याने सकाळी साठ नंबर दिला, तीच दुपारी दशरथ गिलासासकट परत आणायचा. त्याने लहूला विचारलं. लहू म्हातारा, कमरेला कोयता, पायांना माडाच्या खोडाचे घट्टे. तो हसला.

"भाऊ, जिभेवरची चव पोरासोरांना पण कळते. माडी घशात बोलते. उतरताना काय सांगते ते ऐकलं नाहीत तर तुमचं कापड अर्धंच."

"घशात घेवची माका मनाई आसा."

"मग अर्ध्या कापडाची चड्डी शिवा," लहू म्हणाला आणि होडी गाठायला निघून गेला.

होळीच्या आदल्या दिवशी बळवंतने परीक्षा मांडली. बाकड्यावर त्याने स्वतः भरलेले चार गिलास. दुकान गच्च भरलेलं. दशरथने कोणी न सांगता पंचाची जागा घेतली. नेमकी त्याच वेळेला मालन डबा घेऊन आली, कारण घाबरलेला नवरा सकाळी डबा घरीच विसरून गेला होता. माडीच्या दुकानात बाईमाणूस आलं म्हणून सगळे जरा सावरून बसले.

पहिला गिलास. चूळ. "लहूची. पहाटेची." बरोबर. दुसरा. "शकुची ताडी." बरोबर. तिसरा त्याने नुसता नाकाजवळ नेला. "कुंडलिकाक सांगा, मडकी घास म्हणान." दुकान खदखदून हसलं. आता एकच राहिला.

चौथा गिलास त्याने तोंडात घेतला आणि थांबला. मिठाची कणी होती, म्हणजे लहूची. पण लहूची नव्हे. थुंकला, परत घेतला. परत थुंकला. जिभेवर सगळं जागच्या जागी होतं आणि तरीही काहीतरी खोटं होतं. त्याने तिसऱ्यांदा चूळ भरली तेव्हा बाहेर कोंबड्या जमा झाल्या.

बळवंत गालात हसला आणि बहिणीकडे वळला. "मालन, मी तुका तेवाच सांगितलंय. गिरणीवाल्यांका साचो सोडून दुसरा काय जमणा नाय. उद्यापासून मी दुसरो माणूस बघतंय."

दत्तारामने मान खाली घातली. त्याला वझिऱ्याच्या देवळातली ती पायरी दिसली, आणि मांडीवरचा डबा. पुन्हा तिथे जाऊन बसायचं ह्या कल्पनेने त्याला रडू येईलसं वाटलं.

मालनने डबा बाकड्यावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

"गिळा," ती म्हणाली.

"काय?"

"अवो, माडी गिळा! माझ्या तोंडाकडे काय बगतास?"

"आयेक शब्द..."

"सासूबायकडे मी बघतंय. त्यांचा नि माझा काय ता आमी बघून घेव. तुमी गिळा."

दत्तारामने गिलास उचलला, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा गिळलं.

माडी उतरली. आधी गोड, मग खाडीचा खारेपणा, आणि मग अर्ध्या वाटेवर एकदम काहीच नाही. आडवा धागा संपलेला साचा नुसताच धडधडावा तशी रिकामी जागा. आणि त्या रिकाम्या जागेच्या टोकाला, पडजिभेशी, नळाच्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरीचा वास.

"ही लहूचीच," तो हळूच म्हणाला. मग आवाज चढला, कारण आता त्याला कापड पुरतं दिसत होतं. "पण ह्येच्यात नळाचा पाणी आसा. लहूच्या वाडयेत नळ नाय, विहीर आसा. पाणी थयसून इला नाय. हय घातला. माल इल्यावर, मी चाखल्यावर, दुपारच्या आधी."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की दुकानात नळ एकच आहे, गल्ल्यामागच्या मोरीत, आणि त्या मोरीची किल्ली बळवंतच्या करगोट्याला असते. सगळ्यांच्याच लक्षात आलं. पाण्याचा आळ माल घालणाऱ्या तिघांपैकी कोणाच्या तरी गळ्यात घालायला बळवंतला ही जीभ हवी होती. दत्ताराम एका दमात परीक्षा पास झाला होता आणि त्याच दमात नोकरी घालवून बसला होता.

बळवंतने टोपी काढली, परत घातली. "उन्हाळो आसा," तो म्हणाला, "पोटाक थंड पडता."

"आमच्या पोटाची काळजी तू करू नकोस, शेठ!" दशरथ उभा राहिला. पाच-सहा गिलास खाली आपटले गेले. "आजपासून दत्ताभाऊने गिळून पास केल्याशिवाय इथे कोणी घोट घेणार नाही. आणि दुपारी परत गिळायचं, काय? सकाळचा पास दुपारी चालणार नाही!"

"व्हय म्हाराजा!" दुकान एका आवाजात म्हणालं.

मालन भावाच्या समोर जाऊन उभी राहिली. "दादा, आपल्या आबांनी माडावरसून पडान कंबर मोडून घेतली, पण माडयेत पाणी नाय घातल्यानी." एवढंच. बळवंतने तिच्याकडे बघायचं टाळलं. मग करगोट्याची किल्ली सोडली आणि दत्तारामच्या हातात दिली. "उद्या येळेर येवा, भावोजी," तो पुटपुटला.

मग दोघं घरी निघाली. दत्तारामचे कान लाल झाले होते आणि रस्ता त्याला थोडा मऊ लागत होता. गणपतीच्या देवळावरून जाताना त्याने आत बघितलंसुद्धा नाही. मालनने मात्र चपला काढल्या, दारातूनच हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत बराच वेळ काहीतरी बोलली.

"आयेशी बोललंस?" त्याने भीत भीत विचारलं.

"बोललंय."

"काय सांगितलंस?"

मालनने चपला पायात सरकवल्या. "सांगितलंय, सासूबाय, तुमचो झील कामाक लागलो."