रंगखात्यातला भत्ता

मीनलची थोरली बहीण बाळंतपणात गेली. उल्हासनगरात, भर दुपारी, रिक्षात. सरकारी दवाखान्यात रक्त नव्हतं. खाजगीत नेलं, तर तिथे आधी पैसे भरा म्हणाले. भाऊजी उसने पैसे मागत फिरत होते आणि इकडे बहिणीचं डोकं मीनलच्या मांडीवर थंड होत गेलं. मीनल तेव्हा नुकतीच दहावी झाली होती.

म्हणून १९८८ साली लग्न ठरताना तिने धर्मराजला एकच गोष्ट विचारली. "बाळंतपणाचा पैसा हातात आल्याशिवाय मूल नको. चालेल तुम्हाला?"

धर्मराज आनंदनगरच्या एमआयडीसीत कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत पॅकिंगला होता. कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "चालेल."

अंबरनाथ पश्चिमेला भाड्याची खोली, सोबत सासू विठाबाई. मीनल उल्हासनगरात जीन्स शिवायला जायची. शिवाल तेवढे पैसे, घरी बसलात तर काहीच नाही. म्हणजे दवाखान्याचा खर्च वेगळा आणि ती घरी बसेल तेव्हाचं भाडं नि किराणा वेगळा. दोघांनी पोस्टात खातं उघडलं. पण थोडं जमलं की काहीतरी निघायचंच. एकदा विठाबाईंचा मोतीबिंदू, एकदा छपराचे पत्रे.

"पैसं साठवून कुणाला पोरं झालीत का गं?" विठाबाई विचारायच्या.

"आई, आमचं आम्ही बघू," धर्मराज म्हणायचा आणि विषय तिथेच थांबायचा.

दोन वर्षं अशी गेल्यावर कंपनीने रंगखात्यासाठी माणसं मागितली. जादा भत्ता, वर रोज दूध आणि गूळ. त्या खात्यात सहसा कुणी टिकत नसे.

"दूध-गूळ देतात म्हणजे कंपनी चांगलीच की," विठाबाई म्हणाल्या.

धडधाकट माणसाला रोज दूध कशासाठी पाजतात, हे मीनलच्या मनात येऊन गेलं. पण तोवर तिचा हिशेबही झाला होता. ती म्हणाली, "एकच वर्ष हं. मग परत पॅकिंगला."

पहिल्याच महिन्यात त्याच्या उशीचा अभ्रा पिवळा पडला. साबणाने निघेना, सोड्यानेही निघेना. मग बनियनच्या काखा पिवळ्या झाल्या. कामावरून आला की डोकं धरून बसायचा, बोलताना शब्द जड यायचे. विठाबाईंनी एकदा जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा वास नव्हता.

एका संध्याकाळी तो दारात नखं कापत बसला होता. मीनलने पाहिलं, नखं निळसर होती आणि ओठ जांभळं खाल्ल्यासारखे.

"थंडी वाजतेय का?"

"मे महिन्यात?" तो हसला. "अगं, त्या खात्यात सगळ्यांचे होतात. सुट्टी झाली की उतरतं. आमचा कमळाकर बघ, दहा वर्षं त्याच खात्यात आहे, काही झालं का त्याला?"

कारखान्यातून जीन्सचे गडद तुकडे आणून मीनलने उशीला नवे अभ्रे शिवले. त्यावर पिवळं दिसत नव्हतं.

वर्ष संपलं, पण तो परत पॅकिंगला गेला नाही. तीही बोलली नाही. पोस्टातला आकडा तिने ठरवलेल्या आकड्याजवळ आला होता आणि तिला दिवस गेले होते. "मूल होईपर्यंत राहू दे," धर्मराज म्हणाला. तिने मान डोलावली.

तिच्या पाचव्या महिन्यात कमळाकर कामावर कोसळला आणि गेला. कंपनीने सांगितलं, हार्टचा त्रास होता. धर्मराज त्याला उचलणाऱ्यांतला एक होता. घरी आला, हातपाय धुतले, जेवला, आणि सकाळी डबा घेऊन पुन्हा निघून गेला. मीनल मात्र जांभूळ गावात कमळाकरच्या घरी गेली.

कमळाकरची बायको जनाबाई ओटीवर बसली होती. मीनलच्या पोटाकडे बघून म्हणाली, "तुजा बी त्याच खात्यात हाय ना?"

"हो. बाळ होईपर्यंतच."

"आमचा पन तसाच ठरला व्हता, बाय. पोरीचा लगीन होवंपरेन. मंग घर बांदला. मंग पोराची शाला." जनाबाई रडली नाही.

घरी आल्या आल्या मीनल म्हणाली, "उद्यापासून जाऊ नका."

"पैसे?"

"खाऊ जे साठवलंय ते."

"आणि तुझं बाळंतपण? बहिणीचं विसरलीस?"

"विसरले नाही. पण आता मला दोन्हीकडे मरणच दिसतं. त्यातलं एक तरी आजच टळेल."

कंपनीने पॅकिंगला परत घ्यायला नकार दिला. धर्मराजने राजीनामा दिला. साठवलेलं सगळं भाड्यात आणि किराण्यात गेलं. मीनल नवव्या महिन्यापर्यंत मशीनवर बसली आणि ज्या सरकारी दवाखान्याची तिने इतकी धास्ती घेतली होती, तिथेच बाळंत झाली. काही झालं नाही. मुलगी झाली, विशाखा. धर्मराजला पुढे एका शाळेत शिपायाची नोकरी लागली. नखं साफ झाली. मीनलला वाटलं, सुटलो.

१९९८ साली त्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. विशाखाच्या शाळेचा खर्च होता, म्हणून त्याने बरेच दिवस सांगितलं नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी तपासून पहिलाच प्रश्न केला, "रंगाच्या कारखान्यात होतात का?"

"थोडेच दिवस," धर्मराज म्हणाला. "भत्त्यासाठी."

मूत्राशयात गाठ होती. ती काढली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा होऊ शकते, दर तीन महिन्यांनी दाखवत राहा. मीनल मशीनवर शिवत राहिली, तो शाळेत जात राहिला, आणि दर तीन महिन्यांनी दोघं पहाटेची लोकल पकडून इस्पितळ गाठत.

बातमी एमआयडीसीत पोचली. मग संध्याकाळी एकेक माणूस दारात यायला लागला. कुणी रंगखात्यातला जुना, कुणी नवा. चहा घेऊन, आवाज खाली आणून विचारायचा, "वहिनी, सुरुवातीला काय झालं होतं यांना?" मीनल विशाखाला बाहेर खेळायला पाठवायची आणि सगळं सांगायची, अभ्र्यापासून. तिने अभ्रे बदलले होते, तेही सांगायची.

त्यातला सोमा सर्वांत तरुण होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवताना त्याची निळी नखं मीनलला दिसली.

"मग सोडतोस ना?" तिने विचारलं.

"सोडणारच आहे, वहिनी," सोमा उठत म्हणाला. "बायकोला सातवा लागलाय. तेवढं होऊन जाऊ दे."