बेबीच्या वाढदिवसाले मी लावलेले पंख

लेथ मशीनखाली लोखंडाचा बुरादा जमा होते ना, तसे आमच्या गल्लीत किस्से जमा होते. सकाळी झाडून टाका, शिफ्ट सुटेपर्यंत पुन्हा ढीग. दुसऱ्याचे मी हसत हसत सांगतो. हे लढाईच्या सालातले तेवढे मान खाली घालून सांगा लागते, काहून का यातला गाढव मीच आहो.

* * *

आमची बेबी पाच वर्षांची होऊन राहिली होती. बायको, कमल, शिवलेले कपडे द्यायले एका साहेबाच्या बंगल्यावर गेली, बेबीले संग घेऊन. तिथं साहेबाच्या पोरीचा वाढदिवस. सगळ्या पोरी परी बनलेल्या, पाठीले पंख, अन इवल्या इवल्या कपात चहा. झालं. बेबीले तेच पाहिजे.

मी म्हटलं, आमच्या गावात वाढदिवसाले माय ओवाळते, हातावर गूळ ठेवते अन ढोरामागं पाठवते. परी कुठून आली मधातच?

कमल म्हणे, "तुमचं काम एकच. त्या दिवशी चार ते सहा भडकायचं नाई. दोन घंटे. जमन का?"

मी म्हटलं, मी काय पागल आहो का. हेही भडकूनच म्हटलं.

* * *

तेव्हा लढाईचा ब्लॅकआउट होता, रातच्याले विमानातून उजेड दिसू नाई म्हणून. जबलपूरच्या गढा मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीच्या खिडक्यांले काळा कागद लावलेला. कमलनं त्याच्यावर आतून पांढरे तारे चिपकवले, परीचं आभाळ म्हणून. ब्लॅकआउट पाहायले मोहल्ल्यातले एक म्हातारे रिटायर बाबूजी फिरत. ते दारातून डोकावले अन म्हणाले, "भैया, तारे लगा रहे हो? ऊपर से दिखेगा."

"अंदर से लगाए हैं! तुम्हारी आँख फूटी है क्या?"

म्हातारा निघून गेला. मले वाटलं, जिंकलो. अर्ध्या घंट्यानं परत आला, हातात कैची अन सिगरेटच्या पाकिटातली चांदीची पन्नी. खाली बसून त्यानं बेबीले एकवीस तारे कापून देले. मी तेवढा वेळ नळावर जाऊन उभा राहिलो. घागर न घेता.

* * *

चहा मी केला. कमल पुऱ्या तळून राहिली होती, म्हणून मीच म्हटलं, सरक, मी करतो. आता मले एकच चहा येते, कॅन्टीनचा. पत्ती मूठभर, अद्रक ठेचून, काळाकुट्ट होईपर्यंत उकळायचा. तोच पाच-पाच वर्षांच्या आठ पऱ्यांले वाढला.

पहिल्या परीनं फुर्रकन पंखावर थुकला. दुसरी म्हणे, "अंकल, ये तो दवाई है."

"पीना है तो पियो, नहीं तो उड़ जाओ यहाँ से!"

तिघी रडल्या. चार वाजून दहा मिनटं झाली होती.

* * *

बेबीनं कायदा काढला, ज्याले पंख नाई त्याले पुरी नाई. सगळ्या मोठ्या माणसांलेही. कमलनं पेपर घडी करून माझ्या पाठीवर दोन पंख टाचले. शेजारच्या पांडेणबाई, म्हणजे आमच्या कारखान्याच्या गेटवरच्या दरबानाची बायको, इतक्या हसल्या की त्यांले ठसका लागला. मलेही बरं वाटलं. बेबी माझं बोट धरून सगळ्यांले दाखवे, "मेरे बाबा भी परी हैं." पाच मिनटं मी खरंच चांगला माणूस होतो.

मंग वामन आला, बायको-पोरीले घेऊन.

* * *

वामन माझ्या गावचा. त्यानंच मले जबलपूरले आणलं, दारूगोळ्याच्या कारखान्यात चिपकवलं. मी लेथवर, तो थैल्या शिवायच्या सेक्शनले. बारूद भरायच्या थैल्या, पांढऱ्या रेशमी कापडाच्या. कापड पास झालं का त्याच्यावर लाल शिक्का मारते. अन लढाईच्या दिवसात त्यातली एक चिंधी जरी बाहेर निघाली, तरी माणूस सरळ जेलात.

वामनच्या पोरीले, शशीले, पांढरे पंख होते. रेशमी. चमकून राहिले होते.

मी तिच्या मागं गेलो. पंख उलटा केला. खाली लाल निशाण, फिकट झालेलं.

बस, डोकं फिरलं. "वामन्या, कारखान्याचं कापड चोरून पोरीले घालतं? शिक्का दिसून राहिला! तू जेलात जाशीन, अन संग मलेही नेशीन!" पंख माझ्या हातात होता, तो टर्रकन फाटला. शशी उभीच राहिली.

वामनची बायको सुशीला पुढं आली. माझ्या हातातून पंख घेतला, पोटाशी धरून सरळ केला.

"भावजी, हा आमच्या लग्नातला अंतरपाट होय. हे कुंकवाचं स्वस्तिक. मांडवात याचं एक टोक तुम्हीच धरलं होतं."

आठ पऱ्या माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या. माझ्या पाठीवर पेपरचे पंख तसेच होते.

* * *

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली. गेटवर झडतीची लाइन. वामन पुढं, मी मागं. दरबान पांडेजीनं त्याले बाजूले काढलं. घरी बायकोकडून गोष्ट आलीच होती. डब्बा उघडवला, बूट काढवले, बनियनमध्ये हात घातला. दोनशे माणसं पाहत होती.

मी म्हटलं, "पांडेजी, गलती मेरी थी. शादी का कपड़ा था."

"चिल्लाए तो आप ही थे ना, भैया. अब सुन लिया है तो देखना पड़ेगा. लड़ाई का टाइम है."

काही निघालं नाई. वामननं बूट घातले, डब्बा बंद केला. मंग माझ्यासमोर येऊन उभा राहिला अन दोन्ही हात वर केले.

"आता तू पाहून घे."

मी म्हटलं, वामन, असं नको करू ना बाप्पा. तो हललाच नाई. मागून लोक ओरडून राहिले होते, चलो भैया, चलो. शेवटी मी त्याच्या दोन्ही खिशांले हात लावला. तेव्हा त्यानं हात खाली घेतले.

आम्ही रोज त्याच्या एकाच सायकलीवर जात-येत होतो, तो चालवे, मी मागं कॅरियरवर. त्यानं सायकल काढली, टांग टाकली, अन थांबला. मी तिथंच उभा. त्यानं मागं न पाहता कॅरियरवर दोनदा हात मारला.

"बस," म्हणाला. "चढ लागला का उतरजो."