बिनछपराच्या गाडीचे दिवस

जुन्या गाड्या पळवणारी माणसं एकत्र बसली की आधी कार्बोरेटरवर बोलतात, मग ब्रेकवर, मग ज्याची गाडी त्या दिवशी आली नाही त्याच्यावर. एवढं होईपर्यंत चहा येतो आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "सुभाष, ते पेठच्या रस्त्यावरचं सांग ना." मी एक किस्सा सांगितला की नानाला एक आठवतो. नानाचा संपला की डॉक्टर घसा खाकरतात. असं करत करत या गोष्टी इतक्या साठल्यात की गाडीच्या डिकीत मावायच्या नाहीत. तशी आमच्या गाडीला डिकी नावालाच होती.

आमचं टोळकं छोटं. कान-नाक-घशाचे डॉक्टर गद्रे, आमचे गुरू. नामपूरचे कांद्याचे व्यापारी नाना खैरनार. मी, म्हणजे पंचवटीत द्राक्षबागेची औषधं विकणारा. आणि माझी बायको विद्या, जी पहिलं वर्षभर "हे खूळ किती दिवस?" असं विचारायची आणि नंतर माझ्या शेजारच्या सीटवरून उठायलाच तयार नसायची.

*

गाडी मला लासलगावात मिळाली, नव्वदच्या दशकाच्या शेवटाला. दोन सीटची, हिरवी, बुटकी, वर कापडी टप. एका व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये ती कित्येक वर्षं बारदानाखाली पडून होती. त्याच्या चुलत्याने हौसेने घेतलेली. चुलता गेला आणि शटर जे खाली आलं ते वर गेलंच नाही. नानाने तिचा माग काढला आणि मला न्यायला आला. आम्ही पोचलो तेव्हा कुलूप इतकं गंजलं होतं की किल्ली आतच मोडली. शेवटी व्यापाऱ्याने हातोडीने ते तोडलं.

आत कांद्याचा आणि उंदरांचा वास. बारदान ओढलं, धूळ उडाली, आणि धूळ खाली बसल्यावर आम्हाला टिकटिक ऐकू आली. डॅशबोर्डवरचं घड्याळ चालू होतं. मी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. वेळ बरोबर होती.

"किल्लीचं घड्याळ दिसतंय," नाना म्हणाला. "कोणी किल्ली देतं का त्याला?"

व्यापाऱ्याने तोडलेलं कुलूप आमच्यासमोर धरलं.

गाडी ट्रकवर चढवून नाशिकला आणली. घरी उतरवली तेव्हा घड्याळ बंद पडलं होतं. माझे वडील फुलशेतीवाले, मखमलाबादचे. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "झेंडूची पोती कुठं ठेवायची यात?" घड्याळाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी मात्र ते काढून रविवार कारंज्याजवळच्या घड्याळजीकडे नेलं. त्याने झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि मला आत बघायला सांगितलं. स्प्रिंग मधोमध तुटलेली होती. दोन्ही टोकांवर गंज चढला होता.

"हे बंद पडून बरीच वर्षं झालीत," तो म्हणाला. "तुम्ही आज आणलंत होय?"

*

गाडी सुरू करणं वेगळं आणि पळवणं वेगळं, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच रविवारी सांगितलं. सिन्नरच्या पुढे एका माळावर कारखान्यांसाठी रस्ते आखून ठेवले होते. कारखाने काही आले नव्हते. रस्ते, कोपरे, गटारं, सगळं तयार आणि माणूस एकही नाही. तिथे आमची शाळा भरायची.

डॉक्टरांचा धडा एकच. "जिथे नजर, तिथे गाडी. वळणात शिरलास की वळणाच्या बाहेर पडायच्या जागेकडे बघ. ज्याला धडकायची भीती वाटते त्याच्याकडे बघू नकोस."

तिसऱ्या कोपऱ्यावर बाहेरच्या बाजूला एकच बाभूळ होती. एवढ्या मोठ्या माळावर तेवढं एकच झाड. मी वळणात शिरलो आणि मला ती दिसली. बघायचं नाही हे पाठ होतं, तरी मान वळेना. चाकं सुटली आणि गाडी आडवी होऊन सावकाश, अगदी शोधत गेल्यासारखी, बाभळीला टेकली. मडगार्ड चेपलं. मला काही झालं नाही.

डॉक्टर चालत आले. गाडीकडे न बघता त्यांनी खोडावर हात फिरवला. खोडावर माझा ताजा हिरवा रंग लागला होता. त्याच्याशेजारी जुना निळा होता. "हा माझा," डॉक्टर म्हणाले. त्याच्यावर पिवळट पांढरा होता, तो नानाचा. नाना मागून त्याच्या अहिराणीत म्हणाला, "सर्वास्ले बलावस ती." सगळ्यांनाच बोलावते म्हणे.

मग मला वर आणखी एक रंग दिसला. लाल. सालीत खोल गेलेला, माझ्या डोक्याच्याही वर.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"मी आलो तेव्हा होताच," डॉक्टर म्हणाले. "झाड वाढतं, तशी खूणही वर जाते."

मी शेतकऱ्याचा मुलगा. झाड शेंड्याला वाढतं, खोडावरची खूण जिथल्या तिथे राहते, हे मला लहानपणापासून माहीत. पण डॉक्टरांना ते पटवून द्यावं असं मला त्या माळावर अजिबात वाटलं नाही.

*

नानाचा किस्सा नानाच्याच तोंडून ऐकावा, पण तो आता थोडक्यात सांगतो, म्हणून मी सांगतो.

आमची पहिली रॅली होती, नाशिक ते सापुतारा. गाडीत दोघं हवेत असा नियम. एक चालवणार, दुसरा रस्ता सांगणार. नानाचा मेहुणा येणार होता, तो ऐन सकाळी तापाने पडला. नानाने काय करावं? कांद्याचं एक पोतं शेजारच्या सीटवर उभं ठेवलं, त्याला मेहुण्याचं जॅकेट घातलं, वर हेल्मेट चढवलं, त्याची काच खाली ओढली आणि सीटचा पट्टा आवळला. सुटताना गर्दीत कोणी नीट पाहिलं नाही. रस्ता नानाला कांद्याच्या गाड्यांमुळे पाठच होता.

दिंडोरीच्या पुढे पहिली चौकी. तिथला माणूस खिडकीशी आला, वेळ टिपली, वाकून पोत्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "जा."

वणीच्या चौकीवर एक कॉलेजातली मुलगी होती. तिने नानाला विचारलं, "काकांना बरं नाही का? पाणी देऊ?" आणि मग स्वतःच म्हणाली, "नको म्हणतायत."

नाना म्हणाला, "तो कमी बोलस."

शेवटच्या चौकीवर आमच्या ओळखीचे निवृत्त मास्तर होते. त्यांनी नानाला बाजूला घेतलं. "खैरनार, तुमचा जोडीदार सज्जन माणूस दिसतो. मी रस्त्याबद्दल विचारलं तर तुमच्याकडे बोट करून म्हणाला, यांना सावकाश चालवायला सांगा. ऐका त्यांचं."

पुढचा सगळा घाट नानाने इतका सावकाश चढवला की तो शेवटून पहिला आला. आम्ही सगळे हसत होतो. नाना हसत नव्हता. मी त्याला म्हणालो, "आता तरी त्याला खाली उतरव."

"तू उतार," नाना म्हणाला.

मीही नाही उतरवलं. पोतं पट्ट्यासकट नामपूरला परत गेलं. ते कांदे नानाच्या घरी कोणी खाल्ले नाहीत आणि त्याने बाजारातही नेले नाहीत. शेतात खड्डा करून पुरले. हे पुरणं त्याने सहज सांगितलं, पण सांगताना आवाज उतरला होता.

*

डॉक्टरांनी गाडी का सोडली हे लोक अजून विचारतात. वयामुळे, असं ते सांगतात. खरी गोष्ट आम्हाला ठाऊक आहे.

एका मैदानावर सरळ धावेची स्पर्धा होती. एकेक गाडी सोडायची, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. डॉक्टर हमखास जिंकायचे. त्यांची निळी गाडी रेषेवर आली, इंजिनाचा आवाज चढला, झेंडा पडला. गाडी हलली नाही. झेंडेवाल्याने परत झेंडा दाखवला. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता.

"समोर जोशी उभा आहे," ते म्हणाले. "हात करतोय. थांबा म्हणतोय."

समोर रिकामी पट्टी होती. हे जोशी म्हणजे त्यांचे जुने पेशंट. मी जपून विचारलं, "वारले का ते?"

"छे. ठणठणीत आहे. म्हणून तर घाबरलो."

आम्ही गाडी ढकलून बाजूला घ्यायला लागलो. नाना आत बसला आणि त्याने ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला टेकलं. खाली तेलाचं थारोळं होतं. डॉक्टर सुटले असते तर पट्टीच्या शेवटी मैदानाची दगडी भिंत होती.

हे इथवर असतं तर आम्ही देवाचे आभार मानून विसरलो असतो. पण दुसऱ्या दिवशी जोशी दवाखान्यात आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, काल दुपारी जरा डोळा लागला होता. स्वप्नात तुम्ही निळ्या गाडीतून माझ्या अंगावर येत होतात. मी हात केला. तुम्ही थांबलात का हो? तेवढ्यात जाग आली, पुढचं कळलंच नाही."

"मग तुम्ही काय सांगितलंत?" आम्ही विचारलं.

"काय सांगणार," डॉक्टर म्हणाले. "म्हटलं, आ करा."

*

पेठच्या रस्त्यावरचा माझा किस्सा छोटा आहे.

पुढच्या स्पर्धेचा मार्ग बघायला मी आणि विद्या सकाळी निघालो. त्या घाटात आम्ही पहिल्यांदाच जात होतो. घाटाच्या तोंडाशी एक झोपडीवजा हॉटेल होतं, एक म्हातारी ते चालवायची. आम्हाला बघताच ती म्हणाली, "परत आले का? काल सांगला ना, पुढं रस्ता खचलाय."

"आम्ही काल नव्हतो, आजी," विद्या म्हणाली. "दुसरं कोणी असेल."

म्हातारीने आमच्या गाडीकडे पाहिलं, विद्याच्या डोक्याच्या रुमालाकडे पाहिलं. तो रुमाल विद्याने त्याच सकाळी घडी मोडून नवा बांधला होता. "हाच रुमाल," म्हातारी म्हणाली. मग आत गेली आणि बाहेर येऊन माझ्यासमोर एक वस्तू धरली. "हा राहिला होता तुमचा."

गाडी चालवताना घालायचा चामड्याचा ग्लोव्ह. डाव्या हाताचा. माझ्याच ग्लोव्हजसारखा, तीच शिवण, तेच बटण. माझे दोन्ही ग्लोव्हज माझ्या हातांत होते.

आम्ही चहा घेतला आणि तिथूनच परत फिरलो. तो तिसरा ग्लोव्ह कपाटात आहे. त्या दिवशी तो माझ्या ग्लोव्हजपेक्षा जास्त झिजलेला होता, अंगठ्याजवळ उसवलेला. माझा डावा गेल्या हिवाळ्यात तिथेच उसवला.

*

आणि आता इगतपुरीचा.

श्रावणातली रॅली होती. वेगाची नव्हे, वेळ पाळायची. आयोजक मार्गाचं पुस्तक देतात, शेजारी बसलेल्याने त्यातली वळणं वाचून दाखवायची. डॉक्टर आता चालवत नव्हते, ते शेवटच्या चौकीवर बसले होते. नाना आमच्या पुढे सुटला होता.

घोटी सोडली आणि धुकं उतरलं. सकाळचे दहा वाजले असतील, पण बॉनेटचं टोक दिसत नव्हतं. कापडी टपातून पाणी आत ठिबकत होतं, वायपर नुसतेच कण्हत होते. रस्त्याच्या एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला दरी, एवढं आठवत होतं. कोणती बाजू कोणती, ते आठवत नव्हतं. मी पुढे वाकून चालवत होतो. मान वळवून विद्याकडे बघायची सोय नव्हती. पण ती छान वाचत होती. शांत, एका सुरात. "आता डावीकडे. सावकाश. पूल आहे. आता सरळ." मला आश्चर्य वाटलं, कारण एरवी चुकलो की ती ओरडते. त्या आवाजामुळे माझे हात सैल झाले. ती सांगेल तसा मी वळत गेलो.

एका जागी ती म्हणाली, "थांब."

मी ब्रेक दाबला. गाडी घसरत थांबली. वारा आला, धुकं थोडं हललं आणि चाकांच्या पुढे रस्ताच नव्हता. मोरी रात्रीच्या पावसात वाहून गेली होती. खाली पाण्याचा आवाज येत होता.

कसेबसे मागे आलो, दुसरा फाटा धरला आणि दुपारी चौकीवर पोचलो. नाना धुकं बघून मुख्य रस्त्याने आधीच तिथे येऊन थांबला होता. तो छत्री घेऊन धावत आला, डॉक्टर त्याच्यामागे. मी गाडीतून उतरलो आणि विद्याचा हात धरून म्हणालो, "आज तू होतीस म्हणून वाचलो."

विद्या पांढरीफटक पडली होती. तिने मांडीवरचं मार्गाचं पुस्तक उचललं. पाण्याने त्याचा लगदा झाला होता, एक अक्षर लागत नव्हतं.

"घोटीपासून मला मळमळत होतं," ती म्हणाली. "मी डोळे मिटून बसले होते. एक शब्द बोलले नाही. तूच तर बोलत होतास सारखा. डावीकडे, सरळ, पूल आहे. मला वाटलं, मला धीर द्यायला मोठ्याने बोलतोयस."

मी म्हणालो, "मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

नानाने छत्री आमच्यावर धरली होती आणि तो स्वतः भिजत होता. डॉक्टर कानाचे. त्यांनी सवयीने, पेशंटला विचारावं तसं विचारलं, "आवाज कसा होता? बाईचा की पुरुषाचा?"

"बाईचा," मी म्हणालो.

"पुरुषाचा," विद्या म्हणाली, त्याच क्षणी.