उपासाच्या दिवशी दिलेली सुई

ह्यांचे डोळे पांढरे झाले आणि ते बाकावरून माझ्या पायांवर घसरले. हे म्हणजे माझा नवरा. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता, दुपारचे दोन वाजून गेले होते आणि चर्च गच्च भरलं होतं. सदरा पाण्यातून काढल्यासारखा भिजलेला. दातखीळ बसलेली. मी हाक मारली, गालावर चापट मारली. काही नाही. मला वाटलं, माणूस मेला, आणि मीच मारला.

कारण सकाळची सुई मी दिली होती.

ह्यांना साखरेचा आजार बरीच वर्षं आहे. नजर अधू झाल्यापासून इन्सुलिन मीच टोचते. आम्ही देवळाली कॅम्पात राहतो. तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टरने मला शिकवलं होतं की सुई दिली की अर्ध्या तासात खायला द्यायचं, नाहीतर अंगातली साखर एकदम उतरते. मी चौथी शिकले आहे. एवढं समजायला चौथी पुरते.

पण उत्तम शुक्रवारी आमच्याकडे तीन वाजेपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. प्रभूने तीन वाजता प्राण सोडला, तोवर आपणही काही घ्यायचं नाही, अशी रीत. शास्त्रात तशी आज्ञा कुठे नाही. मी शोधली, पण नंतर शोधली.

सकाळी मी म्हटलं, "अहो, खाणार नसाल तर आज सुई राहू द्या."

"सुई म्हणजे काय भाकर आहे? सुईने उपास मोडत नाही. टोच."

"मग दोन घास खा. देव काही वही घेऊन बसलेला नाही."

"इतकी वर्षं उपास केला, आता मोडू? तुझा विश्वासच कमी."

विश्वास कमी म्हटलं की माझं तोंड बंद होतं. लग्न झाल्यापासून त्यांना हे माहीत आहे. मी रोजची पूर्ण सुई टोचली. मग आम्ही बसने चर्चला निघालो.

बारा वाजता उपासना सुरू झाली. प्रभूने वधस्तंभावर, म्हणजे क्रुसावर, काढलेल्या सात उद्गारांवर सात उपदेश असतात. पाचव्याला आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, उभे राहिले. मला तहान लागली आहे, हा तो उद्गार. ते म्हणाले, "मंडळी, हे शब्द मनात घोळवा."

शेजारी हे पुटपुटायला लागले, "तहान लागली... तहान लागली..."

मला वाटलं, घोळवताहेत. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून कौतुकाने पाहिलं. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. माणूस माझ्याजवळ पाणी मागत होता आणि मी त्याची भक्ती ऐकत बसले होते.

मग ते म्हणाले, "मशीन बंद कर. दोरा तुटला." त्यांनी जन्मभर कॅम्पात शिपायांचे गणवेश शिवले. मशीन विकून आठ वर्षं झाली होती. मी कपाळाला हात लावला. एप्रिलच्या उकाड्यात कपाळ गार. तेवढ्यात ते घसरले.

माणसं जमली. "उपासाची चक्कर आहे, हवा येऊ द्या," कोणी म्हणालं. चारपाच जणांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली.

मी ओरडले, "हात काढा आणि साखर द्या!"

कोणाकडेच नव्हती. उपासाच्या दिवशी पिशवीत खाऊ कोण ठेवतं? एरवी ज्या बायकांच्या पर्समध्ये गोळ्याबिस्किटं असतात, त्यांनी पर्स उलट्या केल्या. स्तोत्रांची पुस्तकं पडली, रुमाल पडले. एवढ्या मंडळीत साखरेचा एक कण नाही. तेव्हा मला जी भीती वाटली तशी पुन्हा कधी वाटली नाही. ती देवाची नव्हती. घड्याळाची होती.

साखर फाटकावरच्या वॉचमनने आणली. तो आमच्यातला नाही, म्हणून खोलीत चहा करत बसला होता. डबाच घेऊन धावत आला. पाणी पाजायचं नाही, घशात अडकतं, हे सिस्टरने सांगितलं होतं. मी बोट ओलं करून साखर हिरड्यांवर चोळत राहिले. वॉचमन रिक्षा घेऊन आला. रिक्षातही मी चोळत होते. दात बोटाला लागले तेव्हा वाटलं, चावा, तोडून टाका बोट, पण काहीतरी करा.

दवाखान्यात डॉक्टरने शिरेतून ग्लुकोज लावलं आणि विचारलं, "इन्सुलिन कोणी दिलं?"

वाटलं, आता पोलीस येतील. तरी म्हटलं, "मी."

"खायला काय दिलं?"

"काही नाही. उपास होता."

तो तरुण होता. रागावला नाही, नुसतं कागदावर लिहून घेतलं. ते जास्त वाईट.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. म्हणाले, "बाई, देवाने विश्वासाची परीक्षा घेतली."

मी म्हटलं, "साहेब, देवाला यात ओढू नका. सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मेलेली मुलगी प्रभूने उठवली, तेव्हा तिच्या आईबापाला काय सांगितलं? हिला खायला द्या. उपास करा म्हणाला नाही. तुम्ही हे पुढल्या वर्षी उपासाच्या आधी सांगा, आजाऱ्यांची नावं घेऊन सांगा."

दोन दिवसांनी, ईस्टरच्या उपदेशात, त्यांनी वॉचमनला चांगला शोमरोनी म्हटलं, म्हणजे बायबलातल्या गोष्टीतला, वाटेत पडलेल्याला उचलणारा परका माणूस. तो मला फाटकावर विचारतो, "मावशी, साहेब मला कोण म्हणले? मी तर नांदगावचा हाय."

आता रोज सकाळी ताट समोर ठेवल्याशिवाय मी सुई उचलत नाही. उत्तम शुक्रवारीसुद्धा. हे तोंड फिरवून खातात, जणू चोरी करताहेत. सुई भरताना आकडा दोनदा बघते, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. लोक म्हणतात, प्रभूवर भार टाका. टाकते. पण आकडा मीच बघते.

हे त्या दिवशी वाचले. अजून आहेत.