वय गाडीचं विचारलं होतं

गाडी शिकले तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. मुद्दाम सांगते, कारण वय ऐकलं की लोक बिचारी म्हणून बघायला लागतात आणि मला ते खपत नाही. यांचे गुडघे गेले होते, एसटीची पायरी चढवेना, आणि निर्मळ गावात आमच्या वाडीपर्यंत आत यायला रिक्षावाले तोंड वाकडं करायचे. मग करायचं काय? शाळेतून निवृत्त होण्याआधीच मी लायसन्स काढलं, जुनी मारुती घेतली आणि यांना शेजारी बसवून वसईला डॉक्टरकडे न्यायला लागले. अकरा वर्षांत एकदाच गाडी फाटकाच्या खांबाला घासली. तेही खांबच चुकीच्या जागी होता म्हणून.

विम्याचं सगळं मुलगा बघायचा. सातिवलीला त्याचा छोटा कारखाना. त्याच्या टेम्पोबरोबर माझ्या गाडीचाही कागद व्हायचा. त्या वर्षी मुदत संपायला चार दिवस उरले तरी कागद येईना. विचारलं तर म्हणाला, "एजंट येईल, तोच सांगेल तुला."

एजंट आला. माझाच जुना विद्यार्थी. चहाच्या कपात बघत म्हणाला, "बाई, पासष्टच्या पुढे कंपनी विमा देत नाही आता."

"फुल्ल देत नाही, की थर्ड पार्टीपण नाही?"

"दोन्ही... म्हणजे... अवघडच आहे, बाई."

"लेखी दाखव."

तो ततपप करायला लागला. पाचवीत असताना गृहपाठाची वही घरी राहिली म्हणून सांगायचा, तेव्हा अगदी असाच कपाळ पुसायचा.

डोकंच सणकलं माझं. विमा नाही म्हणजे गाडी बंद, आणि गाडी बंद म्हणजे यांना दवाखान्यात न्यायला दर वेळी कुणाच्या तरी मिनतवाऱ्या करा. छे! दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली ती थेट वसईला, विमा कंपनीच्या ऑफिसात. बरोबर लायसन्स, डॉक्टरचा दाखला, गाडीचे सगळे कागद.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "किती वर्षं झाली?"

"सदुसष्ट," मी ठणकावून सांगितलं. "नजर उत्तम आहे, दाखला आणलाय."

"अहो आजी, गाडीला!"

मागे उभे असलेले सगळे हसले. मीही हसले, करते काय. गाडी कुठल्या सालची, इंजिन केवढं, आजची किंमत किती, यावर हप्ता ठरत होता. तो ठरवताना माझ्या वयाला कुणी विचारतच नव्हतं! ती मुलगी म्हणाली, "गाडी जुनी झालीय, थर्ड पार्टीवर भागवा ना, स्वस्त पडेल." मी म्हटलं, "ते दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. माझा पत्रा चेपला तर कोण भरणार? फुल्लच दे." सही ठोकली, पैसे भरले, पावती घेतली आणि बाजारातून यांच्यासाठी पाव घेऊन घरी आले.

संध्याकाळी मुलगा आला. पावती त्याच्या पुढ्यात टाकली. "आईशी खोटं बोलायला माझाच विद्यार्थी लावतोस? लाज नाही वाटत?"

वाटलं, भांडेल. पण त्याने बॅगेतून चार घड्या घातलेला फॉर्म काढला. त्याच्याच अक्षरात भरलेला, इंजिन नंबरापासून सगळा. एकच रकाना कोरा. त्या वर्षी नवीनच आला होता तो: स्वतः गाडी चालवणारा मालक अपघातात गेला तर पैसे कुणाला द्यायचे, त्याचं नाव.

"तिथे माझं नाव घालायचं होतं, आई," तो म्हणाला. "हातच चालेना. मग वाटलं, तू गाडीच सोडलीस तर बरं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तोच रकाना सकाळी मी उभ्या उभ्या भरला होता. त्याचं नाव, आडनावासकट, एका झटक्यात, आणि वर त्या मुलीला म्हटलं होतं, "आटप गं लवकर."

"उद्या तयार राहा," मी म्हटलं. "सातिवलीला मी सोडते तुला. बघ तरी एकदा, तुझी आई गाडी कशी चालवते."

दुसऱ्या दिवशी तो बसला. रस्ताभर दाराची मूठ सोडली नाही त्याने, पण बसला.