गाळलेलं पाणी

तिला सगळे पाठीमागे ‘कढई’ म्हणत. सदा तापलेली, जवळ गेलं की चटका. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची टाप नव्हती. अणुकेंद्राच्या सांडपाणी विभागाची ती मुख्य रसायनतज्ज्ञ. शिपायानं पेला चुकीच्या जागी ठेवला तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आणि खोटं कशाला बोला, तिला चिडायला कारणंही भरपूर होती. वरच्या मजल्यावर साहेब नावाचं एक कारण तर खुर्ची टाकूनच बसलेलं.

काम असं, की किरणोत्सारी पाणी मोठ्या टाकीत यायचं आणि त्यात चिकणमाती कालवायची. मातीच्या पापुद्र्यांत पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम शिरतं आणि तिथंच अडकून बसतं. माती तळाशी बसली की वरचं निवळ पाणी तपासून कालव्यात सोडायचं, गाळ सिमेंटमध्ये कोंडायचा. कालवा पुढं वस्तीच्या पिण्याच्या टाकीला मिळत होता. त्याच वस्तीत कढईचं घर, घरात सासू आणि शाळकरी लेक.

तपासणीआधी नमुना कागदातून गाळून घ्यायचा, हा कढईनं घालून दिलेला नियम. मातीच्या कणांनी बाटल्या खराब झालेल्या तिला खपत नसत. जुनी माती जाडसर होती, झटकन तळ गाठायची, म्हणून गाळल्यानं काही बिघडत नव्हतं. मग त्या मातीची खाण बंद पडली आणि साहेबांनी दुसरीकडची माती आणली. पिठाहून बारीक.

“आधी चाचणी घेऊ,” कढई म्हणाली.

“मॅडम, माती ती माती. उद्या पाहुणे येतायत, टाकी रिकामी दिसली पाहिजे.”

“पाहुण्यांना टाकीत पोहायचंय का?”

साहेब हसले. कढईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण नमुन्याचा आकडा स्वच्छ आला होता. भांडायला मुद्दाच उरला नाही. तिनं रागारागानं सही ठोकली आणि खाली निरोप गेला. खाली व्हॉल्ववर तिचाच नवरा कामाला. त्यानं चाक फिरवलं.

इकडं प्रयोगशाळेत कढईला गाळणीचा कागद दिसला. वर मातीचा हा जाड थर!

“कुणी ठेवला हा उकिरडा इथं?” तिनं हातमोज्यातल्या हातानं कागद उचलून टेबलावर आपटला. तो पडला नेमका किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरच्या तोंडाशी, आणि काउंटर मोहरीसारखा तडतडायला लागला.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. मातीनं सीझियम पकडलं होतं, पण ती तळाशी बसलीच नव्हती. सीझियम पोटात घेऊन तशीच पाण्यात तरंगत होती. नमुन्यातलं विष कागदावर राहिलं आणि तिनं मोजलं ते गाळलेलं पाणी. टाकीला कुठं कागद लावला होता?

ती जिने उतरत धावली. “बंद करा! अहो, बंद करा आधी!”

नवऱ्यानं चाक आवळलं. बाहेरच्या नाल्यात तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं पाणी कालव्याकडं चाललं होतं.

“डोळे आहेत की बटणं?” ती कडाडली. “एवढं गढूळ पाणी दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं.”

“मग बोलायला काय झालं होतं? दातखीळ बसली होती?”

नवऱ्यानं हात पुसले. “मागं एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, हे असं का म्हणून. तू म्हणालीस, तुमचं काम चाक फिरवायचं, तोंड उघडायचं नाही. नाही उघडलं.”

आजूबाजूची माणसं खाली मान घालून उभी होती. त्यांनाही दिसलं होतं, हे तिला त्या मानांवरूनच कळलं. रागानं तिचे कान तापले, पण तो राग आता कुणाच्या अंगावर टाकावा ते कळेना.

तेवढ्यात साहेब आले. “थोडंसंच गेलंय ना? कालव्यात विरून जाईल. उगाच बोभाटा नको.”

“बोभाटा? लोक ते पाणी पितात! माझी पोर पिते! लाज नाही वाटत?”

“सही तुमचीच आहे, मॅडम,” साहेब शांतपणे म्हणाले. “नोकरी तुमची जाईल.”

“जाऊ दे खड्ड्यात!”

ती व्हॉल्वघरातल्या फोनकडं गेली. वस्तीच्या पाणीवाल्याचा नंबर फिरवला. त्याला पिण्याच्या टाकीचं तोंड लगेच बंद करायला सांगायचं होतं, आणि का ते सांगायचं होतं. चूक कुणाची, तेही.

“हॅलो, कोण?” पाणीवाला विचारत होता.

तिनं सांगायला सुरुवात केली. नवरा शेजारी येऊन उभा राहिला.

“ताई, जरा मोठ्यानं बोला की,” पलीकडून आवाज आला. “काहीच ऐकू येत नाही.”